नकाशा भिंतीवर, आयटी वाऱ्यावर: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तरात एंटरप्राइज आर्किटेक्चरचा जाता जाता उल्लेख केला होता, दोनच ओळी होत्या, पण त्यावर एवढी पत्रं आली की यावेळी बाकी सगळे विषय बाजूला ठेवलेत. लांब पत्रं छाटलीत. नावं कुणाचीच देत नाहीये, कारण बऱ्याच जणांनी आपापल्या साहेबांबद्दल फारच मोकळेपणाने लिहिलंय आणि नोकरी सगळ्यांनाच प्यारी असते. एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणजे कंपनीची कामं, डेटा आणि सिस्टीम एकमेकांत कशा गुंतल्यात त्याचा एकत्र आराखडा; ते म्हणताना जीभ अडखळते म्हणून पुढे नुसतं ईए म्हणतो.

प्रश्न: मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत आयटी बघते. दर तिमाहीच्या मीटिंगला एकच रेकॉर्ड लागते, आयटीवर एवढा खर्च होतो, धंद्याला काय मिळतं? गेल्या वर्षी बाहेरच्या कन्सल्टंटकडून ईए करून घेतलं. दोनशे पानांचा रिपोर्ट आला, भिंतीवर लावायला एक भलामोठा नकाशा आला. त्यानंतर काहीही बदललं नाही. आमचं चुकलं कुठे?

उत्तर: रिपोर्ट चुकीचा असेल असं नाही. माझा अंदाज असा की तो कुठल्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिलेला नव्हता. "आमचं आर्किटेक्चर काढून द्या" एवढंच सांगितलं की समोरचा माणूस दिसेल ते सगळं काढत सुटतो, सर्व्हर, ॲप्लिकेशन, इंटरफेस, प्रोसेस, जे जे हाती लागेल ते, आणि शेवटचं पान लिहून होईपर्यंत पहिलं पान जुनं झालेलं असतं.

ईएमध्ये साधारण चार थर धरतात, धंदा, डेटा, ॲप्लिकेशन आणि टेक्नॉलॉजी. एकेका थराचं चित्र काढणं अवघड नाही आणि नुसत्या एका थराच्या चित्राचा उपयोगही फारसा नाही. महत्त्वाचे आहेत ते एका थरातून दुसऱ्या थरात जाणारे दोरे. म्हणजे हे उद्दिष्ट गाठायचं तर कंपनीला कोणतं काम नीट जमायला हवं, त्या कामाला कोणता डेटा लागतो, तो कुठल्या सिस्टीममध्ये पडलाय, आणि ती सिस्टीम कशावर चालते. हा दोरा वरून खालपर्यंत कुठे तुटतोय ते दिसलं की काय करायचं ते बरंचसं आपोआप कळतं.

एक उदाहरण घेऊ. समजा उद्दिष्ट असं आहे की ऑर्डर आल्यापासून माल हातात पडेपर्यंतचा वेळ निम्म्यावर आणायचा. आयटीने लगेच सेल्सच्या लोकांसाठी मोबाइल ॲप बनवायला घेतलं, कारण ॲप दिसतं, डेमो देता येतो, टाळ्या पडतात. आता हेच वरून खाली बघत या. ऑर्डर घेणं, ग्राहकाची उधारी तपासणं, स्टॉक बघणं, डिस्पॅच लावणं, ही चार कामं जमायला हवीत. यातलं लंगडं कुठलं? तर उधारी तपासणं. का? तर ग्राहकाची बाकी अकाउंट्सच्या सिस्टीममध्ये, ऑर्डर दुसऱ्या सिस्टीममध्ये, आणि दोघींची गाठ दिवसातून एकदाच पडते, रात्रीच्या बॅचमध्ये, म्हणजे दिवसभराचा डेटा एकदम हलवला जातो तेव्हा. म्हणजे सकाळी दहाला आलेली ऑर्डर दुसऱ्या दिवसापर्यंत नुसती बसून राहते. ॲपमुळे काय होणार, ती पाच मिनिटं आधी येऊन त्याच रांगेत बसणार. इथे पैसे लावायला हवेत ते त्या रात्रीच्या बॅचवर, आणि ते काम इतकं रूक्ष आहे की कुणीही त्याचा डेमो मागणार नाही.

धंदा आणि आयटी एका रेषेत आणणं म्हणतात ते एवढंच.

तुम्ही तो नकाशा भिंतीवरच राहू द्या. एक कोरा कागद घ्या, त्यावर कंपनीला जी जी कामं जमावी लागतात त्यांचे वीस-तीस चौकोन काढा. याला कॅपेबिलिटी मॅप म्हणतात. डिपार्टमेंटची नावं लिहू नका, कारण डिपार्टमेंट दर दोन वर्षांनी बदलतात, "ग्राहकाची पत ठरवणं" हे काम मात्र कुणाच्याही हाताखाली गेलं तरी राहतंच. सिस्टीमची नावंही लिहू नका. मग प्रत्येक चौकोनाला दोन प्रश्न विचारा, या वर्षीच्या उद्दिष्टाला हे किती महत्त्वाचं, आणि आज आपल्याला ते कितपत जमतं. जिथे "खूप महत्त्वाचं" आणि "जेमतेम जमतं" एकत्र येतं तो चौकोन लाल करा. आणि हो, हे रंग आयटीने भरायचे नाहीत, धंद्याच्या लोकांना बसवून त्यांच्या हातात पेन द्यायचं. पुढच्या तिमाहीला तेच लोक "आयटीने काय केलं" विचारायला लागले की हा कागद पुढे सरकवायचा, यातले लाल चौकोन तुम्हीच रंगवलेत आणि यातल्या अमुक तीनवर आमचं काम चालू आहे. बोलण्याचा सूर बदलतो, मी बघितलंय.

प्रश्न: मी फायनान्स सांभाळतो. आयटीवाले आता ईएसाठी वेगळी टीम आणि वेगळं टूल मागतायत. मला सरळ सांगा, यातून पैसे वाचतात का?

उत्तर: सरळ सांगतो, ईए स्वतः एक पैसा कमवत नाही. त्यातून जे निर्णय होतात ते पैसे वाचवतात, आणि निर्णय घ्यायची हिंमत नसेल तर टीमही नको आणि टूल तर अजिबातच नको. कंपनीत दहा-बारा सिस्टीम असतील आणि त्या सगळ्या एकाच माणसाच्या डोक्यात बसत असतील तर टीम वगैरे राहू द्या, फक्त तो माणूस रजेवर जायच्या आत त्याच्याकडून सगळं लिहून घ्या.

पण सिस्टीम शंभराच्या वर गेल्या असतील तर आधी एक साधी यादी मागवा. ॲप्लिकेशनचं नाव, धंद्याच्या बाजूने मालक कोण, वर्षाचा एकूण खर्च, किती लोक वापरतात, आणि वरच्या उत्तरातल्या कुठल्या चौकोनाला ते उपयोगी पडतं. खर्चात लायसन्स, सर्व्हर, सपोर्टची माणसं सगळं धरायचं, नाहीतर फुकटचं म्हणून मिरवणारं सॉफ्टवेअर सगळ्यात महाग निघतं ते कळतच नाही. ही यादी पहिल्यांदा होते तेव्हा दोन गोष्टी हमखास दिसतात, एकाच कामाला तीन-तीन सिस्टीम, आणि काही सिस्टीमसमोर मालकाचा रकाना रिकामा.

मग गार्टनर या आयटी सल्लागार कंपनीचे लोक ज्याला टाइम म्हणतात ती चाळणी लावा. टाइम हे चार निर्णयांच्या इंग्रजी आद्याक्षरांचं नाव आहे, वेळेशी त्याचा संबंध नाही. प्रत्येक सिस्टीम धंद्याला किती उपयोगी आणि तांत्रिकदृष्ट्या किती धड, एवढंच बघायचं. दोन्ही चांगलं असेल तर पैसे लावा, उपयोगी पण खिळखिळी असेल तर नव्या जागी हलवा, धड आहे पण फारशी कामाची नाही तर चालू द्या, दोन्ही नाही तर बंद करा. कागदावर हे एका दुपारचं काम आहे. घोडं अडतं ते "बंद करा" या चौथ्या खान्यात, कारण बंद करायची म्हटलं की आजवर जिला कुणी वाली नव्हता त्या सिस्टीमला अचानक चार मालक फुटतात, आणि ते चौघंही अगदी पोटतिडकीने बोलतात. फायनान्स म्हणून तुमची गरज नेमकी तिथे आहे. ज्याला ती सिस्टीम हवी त्याच्या बजेटमध्ये तिचा खर्च टाका. मग बघा किती जणांना ती हवी राहते.

एक खर्च मात्र लक्षात ठेवा. जुनी बंद करेपर्यंत जुनी आणि नवी दोन्ही चालतात, म्हणजे पहिलं वर्ष खर्च वाढलेला दिसणार. तेव्हा "बघा, मी म्हणालो होतो" करून प्रोजेक्ट मध्येच थांबवलंत तर दोन्ही सिस्टीम कायमच्या गळ्यात पडतील. असं होताना मी दोनदा पाहिलंय आणि दोन्ही वेळा थांबवणारा माणूस तुमच्याच खुर्चीत बसलेला होता, राग मानू नका.

प्रश्न: आमच्या ग्रुपमध्ये चार वेगवेगळे धंदे आहेत. नव्या एमडींचं म्हणणं असं की सगळीकडे एकच ईआरपी, म्हणजे हिशोब, खरेदी, स्टॉक असं सगळं सांभाळणारी सिस्टीम हवी, एक ग्रुप एक सिस्टीम. चारही धंद्यांचे प्रमुख आडवे पडलेत. मी मध्ये सापडलोय. आर्किटेक्चरच्या दृष्टीने बरोबर कोण?

उत्तर: हा या वेळचा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि दुर्दैवाने याचं उत्तर आर्किटेक्चरकडे नाहीये, तुमच्या एमडींकडे आहे. फक्त त्यांना विचारायचा प्रश्न वेगळा आहे. "एक ईआरपी की चार" हा शेवटचा प्रश्न झाला, पहिला नव्हे.

एमआयटीच्या संशोधन केंद्रातल्या जीन रॉस आणि पीटर वाइल, आणि त्यांच्यासोबत डेव्हिड रॉबर्टसन, यांनी २००६ मध्ये या विषयावर जे पुस्तक काढलं त्यात ऑपरेटिंग मॉडेल नावाची एक मांडणी आहे, मला ती अजूनही सगळ्यात उपयोगी वाटते. ते दोन प्रश्न विचारतात. पहिला, तुमच्या धंद्यांना एकमेकांचा डेटा किती लागतो, म्हणजे एकाचा ग्राहक तोच दुसऱ्याचा ग्राहक आहे का. दुसरा, चौघांनी एकच काम एकाच पद्धतीने करण्यात काही फायदा आहे का. पहिल्याला इंटिग्रेशन म्हणा, दुसऱ्याला स्टँडर्डायझेशन. लोक या दोघांची सतत गल्लत करतात आणि सगळे वाद तिथूनच सुरू होतात.

दोन्ही कमी असेल, म्हणजे ग्राहकही वेगळे आणि पद्धतीही वेगळ्या, तर चारही धंद्यांना आपापल्या सिस्टीम ठेवू द्या, वर फक्त नेटवर्क, सिक्युरिटी, पगार, खरेदी असल्या सामायिक गोष्टी एकत्र करा. ग्राहक तेच पण काम करायची पद्धत वेगळी असेल तर ईआरपी एक करायची गरज नाही, ग्राहकाचा डेटा एक करा, म्हणजे कुणीही फोन उचलला तरी समोरचा माणूस आपल्याकडून अजून काय काय घेतो ते दिसलं पाहिजे. ग्राहक वेगळे पण काम अगदी एकसारखं, जसं एकाच छापाच्या शाखा असतात, तर सिस्टीमचा साचा एक ठेवा आणि प्रत्येकाला त्याची वेगळी कॉपी द्या, डेटा एकत्र करायच्या भानगडीत पडू नका. आणि डेटाही एक लागतो, पद्धतही एक लागते, तेव्हा आणि फक्त तेव्हाच एमडी म्हणतात ती एक ग्रुप एक सिस्टीम शोभते.

आता गंमत अशी की चारही प्रमुख आडवे पडलेत त्याचं कारण ते सांगतील "आमचा धंदा वेगळा आहे", आणि एमडी सांगतील "सगळे असंच म्हणतात". दोघंही काही अंशी खरं बोलतायत. म्हणून कुणाच्या म्हणण्यावर जाऊ नका, चार-पाच कामं घेऊन बसा, ऑर्डर, बिल, खरेदी, स्टॉक, भरती, आणि प्रत्येकासाठी हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. उत्तरं एकसारखी येणार नाहीत. बिल आणि खरेदीला "एकच पद्धत चालेल" निघेल, ऑर्डर घ्यायला नाही निघणार. मग भांडण एका मोठ्या हो-नाहीवरून चार-पाच छोट्या मुद्द्यांवर येतं आणि छोट्या मुद्द्यांवर माणसं मागे हटतात, इज्जतीचा प्रश्न राहत नाही.

मी एका ठिकाणी होतो, नाव घेत नाही, तिथे असंच वरून फर्मान निघालं होतं. ईआरपी आली एकच. पण प्रत्येक धंद्याने तिच्यात आपल्याला हवे तेवढे बदल करून घेतले आणि तीन वर्षांनी एकाच लायसन्सखाली चार वेगळ्या ईआरपी चालत होत्या, फरक एवढाच की आता व्हर्जन अपग्रेड करायचं तर चौघांना एकदम थांबायला लागायचं. एमडी बदलले. नवे आले त्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये विचारलं, हे वेगळं वेगळं का नाही करत आपण?

प्रश्न: सेल्सच्या रिपोर्टमध्ये ग्राहकांचा आकडा एक, फायनान्सच्या रिपोर्टमध्ये दुसरा. दर महिन्याला आमची टीम दोन दिवस आकडे जुळवत बसते. यावर कुठलं टूल घ्यावं?

उत्तर: टूल नको. आधी विचारा, ग्राहक म्हणजे कोण? सेल्सच्या मते ज्याला कोटेशन दिलं तो ग्राहक, फायनान्सच्या मते ज्याच्या नावाने बिल फाडलं तो, आणि सपोर्टला विचाराल तर ज्याचा फोन येतो तो. तिघांचे आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत म्हणूनच ते कधीच जुळणार नाहीत. डेटा आर्किटेक्चरमधलं निम्मं काम असलंच असतं, शब्दांचे अर्थ ठरवणं, आणि ते कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक टूल घेतात.

कंटाळवाणं म्हणून सोडून दिलं की काय होतं त्याचं जगप्रसिद्ध उदाहरण नासाचं आहे. १९९९ मध्ये त्यांचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान मंगळापाशी पोचलं आणि नष्ट झालं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर थ्रस्टरच्या, म्हणजे यानाला ढकलणाऱ्या छोट्या इंजिनांच्या, जोराचे आकडे पाउंडच्या हिशोबात देत होतं आणि पुढचं सॉफ्टवेअर ते न्यूटनच्या हिशोबातले समजून घेत होतं. दोन्ही सॉफ्टवेअर चालत होती, आकडा एकीकडून दुसरीकडे व्यवस्थित जात होता, फक्त त्याचा अर्थ वाटेत बदलत होता. तुमच्याकडे यान नाही जाणार, महिन्याचे दोन दिवस जातायत, तरी आजार तोच.

तिघांना एकत्र बसवा. एकच व्याख्या करायचा हट्ट नको, "संभाव्य ग्राहक", "बिल झालेला ग्राहक", "चालू ग्राहक" अशी तीन नावं ठेवा, प्रत्येकाची एका ओळीत व्याख्या, कुठली सिस्टीम त्यासाठी खरी मानायची ते लिहा आणि रिपोर्टच्या डोक्यावर नुसतं "ग्राहक" छापायला बंदी घाला.

प्रश्न: मी डेव्हलपर आहे, सात वर्षं झाली, आता आर्किटेक्ट व्हायचंय. टोगॅफचं सर्टिफिकेशन करू का? झॅकमन, आर्किमेट असं पण बरंच ऐकतो, नक्की काय शिकू? मला अरे-तुरे केलं तरी चालेल.

उत्तर: बरं, मग अरे-तुरेच करतो. सर्टिफिकेट कर, इंटरव्ह्यूच्या दारातून आत जायला उपयोगी पडतं. पण त्याने आर्किटेक्ट होत नाही कुणी, हे तुला पण माहितीये.

ही नावं एकमेकांना पर्याय नाहीत एवढं आधी नीट समजून घे. झॅकमन म्हणजे जॉन झॅकमन, आयबीएममध्ये होते, १९८७ मध्ये त्यांनी आयबीएमच्या जर्नलमध्ये एक लेख लिहिला, तिथून ही सगळी वंशावळ सुरू झाली असं मानतात. त्यांचं म्हणणं, इमारत बांधताना मालकाचा नकाशा वेगळा, आर्किटेक्टचा वेगळा, कंत्राटदाराचा वेगळा, तसंच सिस्टीमचंही आहे. त्यांनी एक तक्ता मांडला, आडव्या ओळीत कोण बघतोय आणि उभ्या रकान्यात काय बघतोय. सुरुवातीला रकाने तीनच होते, काय, कसं आणि कुठे. कोण, कधी आणि का हे तीन १९९२ मध्ये जॉन सोवा यांच्यासोबतच्या लेखात भरले. म्हणजे "का" हा प्रश्न आमच्या या विषयात पाच वर्षं उशिरा आला आणि खरं सांगायचं तर बऱ्याच ऑफिसांमध्ये अजूनही पोचलेला नाही. तर झॅकमन हा कप्प्यांचा तक्ता आहे, काय काय विचारात घ्यायचं ते सांगतो, कसं करायचं ते नाही सांगत.

कसं करायचं ते टोगॅफ सांगतं. ओपन ग्रुपने १९९५ मध्ये काढलं, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एका जुन्या फ्रेमवर्कवरून, आणि त्याची दहावी आवृत्ती २०२२ मध्ये आली. त्याचा गाभा म्हणजे एडीएम नावाचं चक्र, आधी व्हिजन, मग धंदा, मग डेटा आणि ॲप्लिकेशन, मग टेक्नॉलॉजी, मग तिथपर्यंत जायचा रस्ता, आणि मधोमध रिक्वायरमेंट्स, ज्या प्रत्येक पायरीला तपासायच्या. पुस्तकात हे चक्र फार जाडजूड वाटतं. लोक ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाळायला जातात आणि दमतात, खरं तर ते आपल्या मापाने कापून घ्यायचं असं त्यातच लिहिलंय. आणि आर्किमेट ही चित्रांची भाषा, कुठला चौकोन कशाचा आणि कुठल्या बाणाचा अर्थ काय ते ठरवणारी. २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तिच्यात कॅपेबिलिटी पण दाखवता येते, त्यामुळे उद्दिष्टापासून सर्व्हरपर्यंतचा दोरा एकाच चित्रात काढता येतो. फक्त ते चित्र धंद्याच्या माणसासमोर ठेवू नकोस, त्याला साधे चौकोन दाखव, आर्किमेट तुझ्यापुरतं.

पण तुला खरी कमी पडणार ती वेगळ्याच गोष्टीची. सात वर्षं कोड लिहिलास, कंपनी पैसे कशी कमवते ते सांगता येईल का? कुठल्या ग्राहकावर नफा होतो, कुठल्यावर तोटा, महिन्याच्या शेवटी अकाउंट्सवाले रात्री का थांबतात? महिन्यातून एक दिवस ऑपरेशनच्या माणसाशेजारी जाऊन बस, तो कुठल्या स्क्रीनवरून आकडा कागदावर उतरवून दुसऱ्या स्क्रीनमध्ये टाकतो ते बघ. जिथे जिथे असा कागद दिसेल तिथे तिथे दोन सिस्टीममधलं एक न बांधलेलं इंटरफेस आहे. एवढं शिकायला परीक्षा फी लागत नाही.

प्रश्न: मी आर्किटेक्ट आहे. आमच्याकडे आर्किटेक्चर रिव्ह्यू बोर्ड, म्हणजे टीम्सचे तांत्रिक निर्णय तपासणारी समिती आहे, पण टीम्स आमच्याकडे रिलीजच्या आदल्या आठवड्यात येतात, तेव्हा नाही म्हणणं शक्यच नसतं. अजाइल, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत काम करणाऱ्या टीम्सना आम्ही म्हणजे ब्रेक वाटतो. काय करावं?

उत्तर: त्यांना तसं वाटतं कारण तुम्ही तसेच आहात, माफ करा. रिलीजच्या आदल्या आठवड्यात झालेला रिव्ह्यू म्हणजे नुसता शिक्का, तो मारला काय आणि नाही मारला काय.

टीमकडून प्रत्येक निर्णय मागू नका. बदलायला जड आणि एकापेक्षा जास्त टीमना भोवणारे असतील तेवढेच मागा, नवा डेटाबेस, बाहेरच्या पार्टीशी इंटरफेस, ग्राहकाचा डेटा नव्या जागी ठेवणं, बस. बाकी त्यांचं त्यांनी ठरवावं आणि एका पानावर लिहून ठेवावं, काय ठरवलं, कशामुळे, दुसरा पर्याय काय होता. आणि तुम्ही मीटिंगरूममध्ये वाट बघत बसू नका, पहिल्या स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या पहिल्या टप्प्याच्या, आधी त्यांच्याकडे जा. उंटावरून शेळ्या हाकायचे दिवस गेले.

एक गोष्ट मात्र तुमच्या बोर्डाला कधीच जमणार नाही ते पण सांगतो. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहून ठेवलंय की कुठलीही संस्था जी सिस्टीम बनवते तिची रचना त्या संस्थेतल्या बोलण्याच्या वाटांसारखीच होते. म्हणजे दोन टीम एकमेकींशी बोलत नसतील तर त्यांच्या सिस्टीमही बोलणार नाहीत, तुम्ही स्टँडर्ड कितीही लिहा, पालथ्या घड्यावर पाणी. त्यामुळे काही वेळा आर्किटेक्चर बदलायचा एकमेव मार्ग टीमची रचना बदलणं हा असतो, आणि ते तुमच्या हातात नसतं, त्यासाठी वरच्या साहेबांपर्यंत जावं लागतं. जायला घाबरू नका.

प्रश्न: एक पंधरा-वीस वर्षं जुनी सिस्टीम आहे, कुणी हात लावत नाही, पण चालते. धंद्याला तिचा काही त्रास नाही. मग ईएवाले तिच्या मागे का लागलेत?

उत्तर: चालते म्हणून त्रास नाही असं नसतं. नाइट कॅपिटल नावाची अमेरिकन शेअर ट्रेडिंग कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२ ला त्यांनी नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर टाकला, आठवा राहून गेला. नव्या कोडने एक जुना फ्लॅग, म्हणजे कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण, पुन्हा वापरायला घेतला होता, आणि आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगने २००३ पासून न वापरलेला जुना कोड जागा झाला. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं आणि कंपनी पुढे दुसऱ्याच्या हातात गेली. तो जुना कोड नऊ वर्षं कुणालाच त्रास देत नव्हता.

तुमच्या सिस्टीमबद्दल मी तीनच गोष्टी विचारीन. ती बंद पडली तर कुठली कामं थांबतील, तिच्यात बदल करू शकणारी किती माणसं कंपनीत शिल्लक आहेत, आणि येत्या दोन वर्षांत धंद्याला जे करायचंय त्यासाठी तिच्यात बदल लागणार आहे का. तिसऱ्याचं उत्तर खरोखर "नाही" असेल तर राहू द्या तिला, नवं-जुनं हा काही मुद्दा नव्हे, फक्त दुसऱ्या उत्तरातला आकडा शून्यावर यायच्या आत एखाद्याला तिच्याजवळ बसवा.

प्रश्न: आमचे डायरेक्टर म्हणतात, धंद्याची दिशा आम्ही ठरवू, आयटीने फक्त मागून यायचं. हे बरोबर आहे का? आणि दोघं एका रेषेत आलेत हे मोजायचं कसं?

उत्तर: अर्धं बरोबर. हेंडरसन आणि वेंकटरामन या दोघांनी १९९३ मध्ये याचं जे मॉडेल मांडलं त्यात वाट दोन्ही बाजूंनी जाते, धंदा आयटीला दिशा देतो तसंच आयटीमुळे धंद्याला नवे रस्तेही दिसतात. आयटी कायम मागूनच येणार असेल तर नव्या टेक्नॉलॉजीमुळे काय शक्य झालंय ते डायरेक्टरांना कळणार कुणाकडून, व्हेंडरच्या सेल्समनकडून? बहुतेक ठिकाणी तेच होतं.

मोजायला जेरी लुफ्टमन यांचं २००० सालचं मॅच्युरिटी मॉडेल आहे, पाच पायऱ्यांचं, त्यात संवाद, गव्हर्नन्स, भागीदारी, लोकांची कौशल्यं वगैरे सहा अंगांनी बघतात. ठीक आहे. पण मी त्याआधी एक साधी गोष्ट करतो, चालू असलेल्या सगळ्या आयटी प्रोजेक्टची यादी घेतो आणि प्रत्येकासमोर कंपनीचं कुठलं उद्दिष्ट ते लिहायला सांगतो, तेही धंद्याच्या माणसाला, आयटीच्या नाही. ज्या प्रोजेक्टसमोर पेन थांबतं तिथे थांबतो. आणि उलटंही बघायचं, कुठल्या उद्दिष्टासमोर एकही प्रोजेक्ट नाही. हे दुसरं लोक विसरतात, आणि नेमकं तिथेच एमडींच्या भाषणातलं सगळ्यात लाडकं उद्दिष्ट एकटंच बसलेलं सापडतं.

प्रश्न: महागडं ईए टूल परवडत नाही. एक्सेल चालेल?

उत्तर: धावेल. तीन शीट करा, कॅपेबिलिटी, ॲप्लिकेशन, इंटरफेस, आणि प्रत्येकीत शेवटचे दोन रकाने सारखेच ठेवा, "ही माहिती कुणी दिली" आणि "शेवटचं कधी तपासलं". सहा महिन्यांपेक्षा जुनी तारीख दिसली की ती ओळ आपोआप पिवळी होईल असं लावून ठेवा. अर्धी शीट पिवळी दिसायला लागली की टूलचा विचार करू नका, ती भरायचं काम कुणाकडे दिलं होतं ते आधी बघा.